खजुराच्या बियांचा कौल

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. माझे अब्बा म्हणायचे, या पोरीला विहिरीत पाणी किती ते सांगितलं तर ही तळाशी दगड किती ते विचारील. साठी ओलांडली तरी खोड गेली नाही. ही खोड घेऊनच मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या आमच्या गावातून निघाले, मुंबईत लॅबोरेटरीचा कोर्स केला आणि लग्नानंतर नवऱ्यामागोमाग सौदीला गेले. नवरा रास तनुराच्या रिफायनरीत टेक्निशियन होता. मी तिथून तासाभरावरच्या शहरात, एका इस्पितळाच्या रक्तपेढीत. राहायचो शहरातच, कारण आमची एकुलती एक मुलगी तिथल्या भारतीय शाळेत जायची.

आमच्या रक्तपेढीच्या मुख्य बाई अमेरिकन होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, बोलायला फटकळ. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांच्याकडे दर आठवड्याला त्यांच्या देशातलं एक मासिकासारखं जाड साप्ताहिक यायचं. त्यातल्या बायकांचे उघडे दंड आणि गळे आमच्या हाती पडण्याआधीच कुणीतरी काळ्या मार्करनं रंगवून टाकलेले असायचे. चहाच्या सुट्टीत मी ते चाळत बसायची. आखातातली लढाई संपून वर्ष उलटून गेलं होतं. एक दिवस त्यात एक आलेख दिसला. रेघ आधी वर चढलेली, शेंडा शेजारच्या नटीच्या खांद्याबरोबर काळ्या शाईत गेलेला, आणि तिथून पुढे नुसती खाली खाली आलेली.

"कुणाचा ताप हो हा?" मी विचारलं. "छान उतरलाय की!"

मॅडमच्या हातातला चहा सांडला, इतक्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, तो ताप नाही. तो आमचा राष्ट्राध्यक्ष आहे."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या देशात म्हणे लोकांना फोन करून विचारतात, राष्ट्राध्यक्षांचं काम तुम्हाला पसंत आहे का. हो किती, नाही किती, मोजतात आणि छापतात. लढाई जिंकली तेव्हा दहातले जवळजवळ नऊ जण हो म्हणत होते. आता दहातले चारसुद्धा म्हणत नव्हते.

झालं! माझी चौकशी सुरू झाली. कोण विचारतं? नाही म्हणणाऱ्याचं नाव लिहून ठेवतात का? बायकांना वेगळं विचारतात की नवऱ्यादेखत? आणि मुख्य म्हणजे, माणूस खरं सांगतो हे यांना कळतं कसं? मॅडमनी बरीच उत्तरं दिली. पण माझा एक प्रश्न राहिलाच होता.

"लढाई तर तीच आहे ना? जिंकलेलीच आहे. ती काय आता परत हरली?"

"लढाई कुणी विसरलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण माझ्या गावातला कारखाना बंद पडला. माणूस सकाळी उठून लढाई खात नाही."

त्यांची काळजी निराळीच होती. त्यांचा धाकटा भाऊ गावी खिळे, रंग, हातोड्या विकायचं दुकान चालवायचा. तो राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाकडून तिथल्या विधानसभेला उभा होता. त्यानं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पण वरचा घसरला की त्याच्या नावावर उभे राहिलेले लहानसहानही त्याच्याबरोबर घसरतात, असं मॅडम म्हणाल्या. म्हणून भावानं घरोघरच्या अंगणातल्या आपल्या पाट्या बदलून घेतल्या होत्या. जुन्या पाट्यांवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो होता, नव्यांवर नुसता त्याचा स्वतःचा.

हे ऐकून मी हातातला कप खाली ठेवला. कारण त्याच आठवड्यात माझा नवरा शाळेच्या कमिटीच्या निवडणुकीला उभा राहिला होता. आणि तोही कमिटीच्या अध्यक्षांच्याच पॅनलमधून.

आमच्या शाळेची कमिटी पालक निवडायचे. घरटी एक मत, तेही बापाच्या नावावर. आपल्याकडे साखर कारखान्याला असतात तशी तिथेही दोन पॅनलं. नवऱ्याला खुर्चीची हौस अजिबात नव्हती. त्याला पाहिजे होता तो मराठीचा तास. शाळेत तिसरी भाषा म्हणून मल्याळम होती, तमिळ होती, उर्दू होती, मराठी नव्हती. आमची नावं ऐकून लोक म्हणायचे, तुम्हाला काय, तुमची उर्दू आहे ना! नवरा भडकायचा. त्याची सगळी शाळा गावच्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत झालेली. अक्षर असं की तलाठी त्याच्याकडून अर्ज लिहून घ्यायचा. आणि आमची मुलगी? तिला मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत, फार तर हिंदीत. हिंदीच्या तासाला अक्षरं शिकली होती, पण मराठी ही तिच्या लेखी जेवायला हाक मारायची भाषा होती.

"माझ्या पोरीनं माझं पत्र उद्या दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं काय?" नवरा म्हणायचा. अध्यक्षांनी त्याला शब्द दिला होता, पुन्हा निवडून आलो की पहिल्याच बैठकीत मराठी.

आता हे अध्यक्ष कोण, ते सांगायला पाहिजे.

लखनौच्या बाजूचे. एका मोठ्या कंत्राटदार कंपनीत वाहतुकीचे मॅनेजर. आवाज असा की माइक लागत नसे, आणि मिशी ही एवढी, दोन्ही टोकं वर वळवलेली. लढाईच्या त्या जानेवारीत आमच्याकडे सायरन वाजायला लागले. खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराखाली ओले टॉवेल, उशाशी मास्क. आमच्या रक्तपेढीत सगळ्यांच्या रजा रद्द. रिफायनरीतही तेच, नवरा आठ-आठ दिवस घरी येईना. मुलगी सहा वर्षांची, नुकती पहिलीत. तिला ठेवायचं कुठे? माझं डोकं चालेनासं झालं होतं.

तेव्हा या माणसानं कंपनीच्या बसगाड्या काढल्या. ज्यांना जागा सोडता येत नव्हती अशांची मुलं गोळा केली, स्वतः पहिल्या बसमध्ये बसला आणि सगळ्यांना जेद्दाला घेऊन गेला. पूर्वेच्या समुद्रावरून पश्चिमेच्या समुद्रावर, सोळा तासांचा रस्ता. माझी मुलगी बसमध्ये चढताना माझी ओढणी सोडेना. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, तिला उचलून मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "यल्ला, चलो." जेद्दाला पोचेपर्यंत ती त्यांच्या मांडीवरून उतरली नाही, हे मला मागून इतरांनी सांगितलं.

दीड महिना ती जेद्दात त्यांच्या भावाच्या घरी राहिली, अध्यक्ष आणि त्यांच्या बायकोच्या देखरेखीखाली, आणखी सात-आठ मुलांबरोबर. फोन लागायचे नाहीत. बसचे ड्रायव्हर जा-ये करायचे, त्यांच्या हाती मी दर दोन दिवसांनी चिठ्ठी पाठवायची. मराठीतच लिहायची, दुसऱ्या भाषेत आईला पोरीशी बोलता येतं काय? दूध पी, केस विंचरून घे, अब्बा बरे आहेत. एकीत लिहिलं होतं, "अध्यक्ष अंकलच्या मिशीला भिऊ नकोस. ते आपल्या गावच्या बोक्यासारखे आहेत, नुसते गुरगुरतात, चावत नाहीत." तिला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राजापूरकडचं एक कुटुंब होतं. त्यांच्यातलं कुणीतरी वाचून दाखवत असेल असं मी धरून चालले.

लढाई संपली, मुलं परत आली. शाळा उघडल्यावर पहिल्या पालकसभेत अध्यक्ष आत आले आणि सगळं सभागृह उभं राहिलं. त्या दिवशी कुणी मोजलं असतं तर दहातले नऊ कसले, दहाच्या दहा निघाले असते. मी तर रडले होते.

आणि दीड वर्षात काय झालं? काहीच नाही. तेच तर नवल! खालच्या मजल्यावरचा पाण्याचा कूलर बिघडला, तो दोन उन्हाळे बिघडलेलाच राहिला. पोरं घरून बाटल्या लादून न्यायची. शाळेची बस उशिरा यायची. तक्रार घेऊन गेलं की अध्यक्ष खेकसायचे, आणि प्रत्येक भाषणाची सुरुवात ठरलेली, "जब सायरन बज रहे थे..." पहिल्यांदा लोकांचे डोळे भरून आले. पाचव्यांदा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अब कूलर कब बजेगा?" सभागृह हसलं. मग नावडतीचं मीठ अळणी. त्यांनी चांगलं काही केलं तरी लोक नाकं मुरडायला लागले.

पण नक्की किती लोक? ते कळायला नको? मॅडमचा आलेख माझ्या डोक्यात बसला होता. मी ठरवलं, आपणही विचारायचं.

पालकांपैकी पुष्कळ जण इकाम्याच्या, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याच्या, तपासणीला रक्त द्यायला आमच्याकडेच यायचे. मी दंडाला रबर बांधायची, सुई शीर शोधून आत घालायची आणि सहज विचारायची, "अध्यक्षांचं काम कसं चाललंय म्हणता?" आठवड्याभरात मी मोजून चाळीस जणांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "छान! फर्स्ट क्लास!" मी खूश. ऐटीत मॅडमना सांगितलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "एक तर तू त्यांच्या उमेदवाराची बायको. आणि वर त्यांच्या शिरेत तुझी सुई. अशा वेळी मीसुद्धा छानच म्हणेन."

माझी मलाच लाज वाटली. मग म्हटलं, आपल्याकडे काय रीत आहे? आमच्या गावात देवळात कौल लावायचे. अब्बांचा दोस्त गुरव होता, त्यामुळे आम्ही पोरं बाहेरच्या पायरीवर बसून बघायचो. देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना कळ्या लावायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यात देवाला कुणाची भीड नाही, म्हणून लोकांचा विश्वास. मतदाराला भीड वाटू नये अशी काहीतरी सोय मलाही करायला हवी होती.

एका शुक्रवारी मी मुलीच्या वर्गातल्या मुलांच्या आयांना चहाला बोलावलं. मत टाकायला बाप जायचे, पण ते कुणाला टाकायचं हे आदल्या दिवशी घरात कोण ठरवतं ते मी सांगायची गरज नाही. नवीन खजूर बाजारात आला होता. स्वयंपाकघरात बेसिनशेजारी पडद्याआड दूध पावडरचे दोन रिकामे डबे ठेवले, झाकणांना भोकं पाडली. सगळ्यांना सांगितलं, खजूर खा आणि हात धुवायला जाल तेव्हा बी डब्यात टाका. अध्यक्ष पुन्हा हवे असतील तर उजव्यात, पुरे झालं असेल तर डाव्यात. कोण कुठे टाकतंय हे मी बघणार नाही, अल्लाची शपथ. बायकांना ही गंमत इतकी आवडली की दोघीतिघींनी एकीऐवजी चार बिया टाकायचा प्रयत्न केला, त्यांना मी ओढून बाहेर आणलं. अध्यक्षांची बायकोही आली होती. तिला न बोलावून कसं चालेल?

सगळ्या गेल्यावर मी नवऱ्यासमोर डबे पालथे केले. डाव्यातल्या बियांचा ढीग टेबलावरून घरंगळून खाली गेला. उजव्यात सात निघाल्या.

नवऱ्यानं त्या सात बिया बोटानं एका ओळीत लावल्या. "हात दाखवून अवलक्षण," तो म्हणाला. "काय गरज होती गो तुला?"

"गरज कशी नव्हती? अहो, तुम्ही त्यांच्या पॅनलमध्ये आहात! ते बुडणार, तुम्ही बुडणार आणि मराठीचा तासही बुडणार. बाहेर पडा. एकटे उभे राहा. मॅडमच्या भावानंही पाट्या बदलल्या."

"आणि गरज सरो, वैद्य मरो, हे पोरीला कोण शिकवणार? तू?"

"तिकडे अमेरिकेतसुद्धा असंच करतात!"

"करत असतील," नवरा म्हणाला. "त्यांच्या राष्ट्राध्यक्षानं त्यांची पोर मांडीवर घेऊन सोळा तास प्रवास नव्हता केला."

मी बिया गोळा करून कचऱ्यात टाकल्या. हरायला लागले की मी चिडते, तशी चिडले. चार दिवस घरात अबोला. मला त्या वेळी खरंच वाटत होतं की बरोबर मीच आहे. आकडे समोर होते. आभार मानून झाले होते, उभं राहून टाळ्या वाजवून झाल्या होत्या, आता पोरीचं बघायला नको?

पाचव्या दिवशी गावाहून नणंदेचं पत्र आलं. मुलीनं पाकीट फोडलं, आतल्या कागदावरून एकदा नजर फिरवली आणि नवऱ्याच्या हातात ठेवलं. म्हणाली, "Abba, it's your stuff." बस, एवढंच. पत्रात अर्धं पान तिच्याबद्दल होतं. भाचीला किती दिवसांत पाहिलं नाही, किती उंच झाली असेल, तिचं स्वतःचं चार ओळींचं पत्र कधी येईल. नवऱ्यानं ते वाचून दाखवलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं आणि मला म्हणाला, "चल, त्यांच्या घरी जाऊन येऊ. सोडायचंच तर तोंडावर सांगून सोडू."

आम्ही तिघं गेलो. अध्यक्षांनी दार उघडलं, आम्हाला बसवलं, चहा मागवला. नवऱ्यानं मान खाली घालून सांगून टाकलं की मी पॅनलमधून नाव काढून घेतोय. मला वाटलं, आता गर्जना होणार. तर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभी, सुना है आपने बीजों से इलेक्शन करा लिया?"

बातमी फुटली होती. मी कशीबशी हो म्हणाले.

"दाएँ में कितने निकले?"

"सात."

"सात!" त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. "चलो, एक तो हमारी बेगम का पक्का..."

आतून आवाज आला, "मैंने तो खजूर खाया ही नहीं. शुगर है मुझे."

अध्यक्ष एवढे हसले की मिशीची टोकं थरथरली. आम्हालाही हसू आवरेना. मग ते नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, यात शहाणपणाच आहे, आणि निवडून आलास तर तो मराठीवाला पीरियड घेऊनच ये. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. निघताना त्यांनी मुलीच्या डोक्यावर टपली मारली आणि विचारलं, "क्यों गुड़िया, अब अम्मी की चिट्ठी नहीं आती?" ती खुदकन हसली. मला वाटलं, काहीतरी आपली थट्टा करतायत.

निवडणूक झाली. अध्यक्ष पडले, आणि त्यांच्या पॅनलमधला एकूण एक माणूस त्यांच्याबरोबर पडला. त्यातले दोघे तर इतके सज्जन की त्यांच्याविरुद्ध बोलायला कुणाकडे शब्द नव्हता. नवरा एकटा उभा राहिला होता, तो निवडून आला. नव्या कमिटीत दोन तट पडले होते, दोघांनाही त्याचं मत हवं होतं. त्यानं एकच अट घातली आणि मराठीचा तास मंजूर झाला. माझ्या बियांनी मला दगा दिला नव्हता. मी खूप दिवस स्वतःवर खूश होते, लपवत नाही.

थोड्याच दिवसांत तिकडे अमेरिकेचीही निवडणूक झाली. लढाई जिंकलेला तो राष्ट्राध्यक्ष हरला. आणि पाट्या बदलूनही मॅडमचा भाऊ हरला. मी मॅडमना खोदून खोदून विचारलं, असं का? माझा नवरा सुटला आणि तुमचा भाऊ का बुडाला? दोघांनी केलं तर एकच.

"कोण जाणे," मॅडम म्हणाल्या. "आई फोनवर म्हणाली, फोटो काढल्याचं लोकांना फारसं काही वाटलं नाही. पण तो गुपचूप काढताना शेजाऱ्यांनी त्याला पाहिलं होतं."

मी हे नवऱ्याला सांगितलं नाही.

मराठीचा तास दुपारचा, आठवड्यातून दोनदा. सोलापूरकडच्या एका डॉक्टरांच्या पत्नी शिकवायच्या, अगदी हौसेनं. चारेक महिन्यांनी त्यांनी मुलांना दहा ओळींचा निबंध दिला, 'माझा प्रवास'. मुलीनं तो घरी आणला. वहीत बाईंनी लाल शाईनं 'शाब्बास' लिहिलं होतं. नवरा चटईवर बसला आणि म्हणाला, वाच. ती उभी राहून वाचायला लागली, शाळेत वाचतात तशी, एकेका शब्दाला थांबत.

"मी लहान असताना बसने जेद्दाला गेले. अध्यक्ष अंकलच्या मांडीवर बसून गेले. अम्मी मला पत्र पाठवायची. मला वाचायला येत नव्हतं. अंकलना वाचायला येत होतं, पण मराठी समजत नव्हतं. मला मराठी समजत होतं. म्हणून अंकल मोठ्यानं वाचायचे आणि मी ऐकायची. असं आम्ही दोघांनी मिळून अम्मीचं पत्र वाचलं. अंकल रोज वाचायचे. नवीन पत्र नसेल तेव्हा जुनं वाचायचे."

मी हातातलं काम खाली ठेवलं. हिंदीवाल्या माणसाला आपली अक्षरं वाचता येतात, हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मी, जगाच्या चौकशा करणारी, त्या दीड महिन्याबद्दल एक साधा प्रश्न विचारला नव्हता. कोण वाचायचं गो तुला?

"ते राजापूरचे लोक?" मी म्हटलं. "ते वाचत नव्हते?"

"They had gone to India, Ammi. पहिल्याच दिवशी."

"आणि ते बोक्याचं?" मी वही तिच्या हातातून घेतली. "ते पण अंकलनीच वाचलं?"

"हो! 'ते आपल्या गावच्या बोक्यासारखे आहेत,'" तिनं अध्यक्षांचा जाडा आवाज काढला, लखनवी थाटात अडखळत. "मी खूप हसले. त्यांनी विचारलं, क्यों हँस रही हो? मी सांगितलं, अम्मी ने लिखा है आप अच्छे हैं."

नवरा उठून बाल्कनीत गेला. मी तिथेच बसून रडले. पोर घाबरली, तिला वाटलं निबंधात काहीतरी चुकलं.

त्या माणसाच्या घरी मी पुन्हा कुठल्या तोंडानं जाणार होते? बाजारात समोर आले की आदाब करायचे, बायकोच्या शुगरचं सांगायचे, कधी एका शब्दानं टोचलं नाही. त्यांना डाव्या डब्यात मीच बसवलं होतं, आणि नवरा नको म्हणत असताना त्यांची साथ सोडायला लावली तीही मीच. हिंदी मला येत होती, पण भाजीवाल्याशी बोलण्यापुरती. माफी मागायला ती पुरेना. दोन दिवस तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवली, मग नाद सोडला आणि कागद घेऊन मराठीत लिहायला बसले. त्या घरी माझी पत्रं पूर्वीपासून मराठीतच जात होती.

सगळं लिहिलं. सुईचं लिहिलं, बियांचं लिहिलं, पाट्यांचं लिहिलं. माझी चूक झाली असं दोनदा लिहिलं. तुम्ही माझ्या पोरीला माझी पत्रं वाचून दाखवत होतात आणि मी तुमच्या बिया मोजत बसले, असंही लिहिलं. पाकिटात घालून मुलीच्या हातात दिलं आणि सांगितलं, अंकलना दे, त्यांच्याजवळ बस, ते वाचतील, तू समजावून सांग. नवऱ्यानं गाडी त्यांच्या इमारतीखाली उभी केली. ती वर गेली. आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो. नवरा स्टिअरिंगवर नुसती बोटं वाजवत होता.

अर्ध्या तासानं ती उड्या मारत खाली आली. तोंडात मिठाई.

"वाचलं त्यांनी?" मी विचारलं.

"हो. सगळं. मोठ्यानं."

"मग?"

"मध्ये एकदा थांबले. म्हणाले, इसका क्या मतलब हुआ, गुड़िया?"

"मग तू काय सांगितलंस? नीट सांगितलंस ना सगळं?"

तिनं खांदे उडवले. "मी सांगितलं, अम्मी ने लिखा है आप अच्छे हैं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं समोर पाहिलं.

"आणि ते काय म्हणाले?"

"ते म्हणाले," ती मिठाई चघळत म्हणाली, "ये तो उन्होंने पिछली बार भी लिखा था."